डॅशबोर्डचे मंद दिवे आणि नववीचं ‘धाराविद्युत’



कळमन्याच्या मार्केट यार्डात माल उजाडायच्या आधीच यायला लागतो. संत्री, मिरची, धान्य. त्यामुळे आपल्या भागातल्या कितीतरी घरची जुनी गाडी रात्रीच जास्त चालते. १९८३ ते २०१४ पर्यंत निघालेली मारुती ८०० अजून बऱ्याच घरी आहे. अशा गाडीबद्दल एक तक्रार मुलांच्या कानावर असतेच: रात्री मीटर नीट दिसत नाही. पेट्रोल किती उरलं, इंजिन तापलं का, काही कळत नाही. आणि त्यावरचा ठरलेला सल्ला, “मोठा बल्ब टाका ना!”

हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा का, एवढंच जरी मुलांना समजलं तरी नववीचा ‘धाराविद्युत’ पाठ निम्मा झाला.

सगळ्यात आधी गाडीतून उतरून मागे जाऊन बघायचं. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डचे दिवे आणि मागचे लाल दिवे एकाच स्विचवर, अनेकदा एकाच फ्यूजवर असतात. डॅशबोर्ड पूर्ण अंधारात असेल तर मागचे दिवेही गेलेले असू शकतात. रात्री ट्रकच्या रांगेत बिना लाल दिव्याची गाडी म्हणजे काय, ते पालकांना सांगायला नको.

मागचे दिवे ठीक असतील तर पुढचा प्रश्न वर्गालाच विचारा: एकच दिवा मंद आहे की सगळे? मीटरमागचे बल्ब समांतर जोडणीत असतात. एकच मंद असेल तर दोष त्या बल्बचा किंवा त्याच्या होल्डरचा. बल्ब काढून काच बघा. जुन्या बल्बची काच आतून काळपट होते, कारण तारेतलं टंगस्टन हळूहळू उडून काचेवर बसतं. सगळेच मंद असतील तर सगळ्यांची जी सामाईक वाट आहे तिथे शोधायचं. उजेड कमी-जास्त करायची गोल बटन असेल तर ती दोन-चार वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कधी कधी तेवढ्यानेच काम होतं. रेस दिल्यावर उजेड स्पष्ट वाढत असेल तर बॅटरी आणि चार्जिंग तपासा. आणि दिवे लावताच पेट्रोलचा काटा हलत असेल तर संशय अर्थवर घ्या.

अर्थ म्हणजे वीज बॅटरीकडे परत जायची वाट. वायरचं टोक गाडीच्या पत्र्याला एका बोल्टने कसलेलं असतं. पावसाळ्याची ओल, वर्षानुवर्षांची धूळ, मग तिथे गंज चढतो. थोड्याशा गंजाने एवढा काय फरक पडणार, असं मुलं म्हणतील. फळ्यावर गणित मांडू.

१२ व्होल्टवर ३ वॅटचा बल्ब ०.२५ अँपिअर धारा घेतो, म्हणजे त्याचा रोध ४८ ओहम. असे चार समांतर जोडले तर एकूण १२ ओहम. आता अर्थच्या बोल्टवर गंजाचा फक्त २ ओहम रोध आला असं धरा. एकूण १४ ओहम, धारा सुमारे ०.८६ अँपिअर. गंजावर १.७ व्होल्ट गेले, बल्बांना उरले १०.३. विभवांतर १४ टक्के कमी झालं, पण उजेड जवळपास ४० टक्के कमी होतो! तार थोडी थंड झाली की दिसणारा प्रकाश फार झपाट्याने घटतो. (तारेचा रोध तापमानाबरोबर बदलतो, म्हणून आकडे ढोबळच समजा.)

आता मोठा बल्ब लावला तर? धारा वाढते, त्याच गंजावर आणखी व्होल्ट वाया जातात आणि प्लॅस्टिकचा होल्डर वितळायला लागतो. काढलेल्या बल्बवर जेवढे वॅट लिहिलेत तेवढ्याचाच घ्यावा.

मला या सगळ्यात वर्गासाठी सगळ्यात मोलाची वाटते ती तपासणी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी तार बॅटरीच्या ऋण टर्मिनलला, लाल तार मीटरच्या अर्थ वायरला. दिवे बंद असताना वाचन शून्य. गंज असला तरी शून्य! दिवे लावले की तेच वाचन १.७ होतं. का? धाराच नाही तर V = IR मध्ये V कुठून येणार? चांगल्या अर्थवर दिवे लावूनही वाचन ०.१ च्या आसपासच राहतं. हे पाहिलेल्या पोट्ट्याला ओहमचा नियम पाठ करावा लागत नाही.

एक गंमत होईल, तयारीत राहा. कोणीतरी सुटा बल्ब ओहमवर मोजेल आणि ४८ ऐवजी ४-५ ओहम सांगेल. दोन्ही बरोबर. थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा असतो.

दुरुस्ती साधी आहे, पण घरचं मोठं माणूस सोबत हवं. आधी बॅटरीची ऋण वायर काढायची. अर्थचा बोल्ट सोडवून पत्रा आणि टोक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायचं, घट्ट कसायचं. मीटरच्या मागे तांब्याच्या पातळ पट्ट्यांचा प्लॅस्टिकचा पडदा असेल तर त्यावर पॉलिश पेपर नको, खोडरबर फिरवा. बल्बवरच्या हिरव्या-निळ्या टोप्या नागपूरच्या उन्हाळ्यांनी करपल्या असतील तर बदला. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर मीटर खोलायचं काम इलेक्ट्रिशियनकडेच द्या.

एलईडी लावायचे असतील तर लागतो, पण उलटसुलट बसवून बघावा लागतो आणि उजेडाची बटन चालेलच असं नाही. बॅटरीच्या खुणेचा लाल इशारा-दिवा मात्र जुनाच ठेवा; अनेक जुन्या गाड्यांत त्याच बल्बमधून जाणारी धारा अल्टरनेटरला चालू करते.

शाळेत गाडी आणता येत नसेल तर १२ व्होल्टची बॅटरी, चार बल्ब आणि गंजाच्या जागी २ ओहम, ५ वॅटचा रोध एवढ्यावर हा प्रयोग टेबलावर होतो. रोध जोडून आणि काढून, दोन्ही वेळची वाचनं मुलांना वहीत लिहू द्या.