शेतीचा खर्च बारा महिने, मग पैसा दोनदाच का?

व्हिडिओत आपण दुकानाचा कॅश फ्लो पाहिला. आज तोच हिशोब शेतीला लावू. वही-पेन घेऊन बसा.

समजा, धाराशिव जिल्ह्यात तुमची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे.

पायरी 1: बारा रकाने आखा.
जून: सोयाबीनचं बियाणं, खत आणि पोरांच्या वह्या-पुस्तकं. जुलै-ऑगस्ट: खुरपणी, फवारणी. ऑक्टोबर: काढणी, मळणी आणि लगेच ज्वारी-हरभऱ्याची पेरणी. डिसेंबर-जानेवारीत येळवस. फेब्रुवारी-मार्च: रब्बीची काढणी. एप्रिल-मे: नांगरट आणि लग्नसराई.

आता पैसा येणाऱ्या महिन्यांना गोल करा. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च. बस्स! बाकी महिने नुसता खर्च.

पायरी 2: उधारीची खरी किंमत काढा.
जूनमध्ये हात रिकामा, म्हणून बियाणं उधारीवर. मग ऑक्टोबरात माल कुठं जाणार? ज्याची उधारी, त्याच्याकडं. म्हणजे भाव ठरवायचा हक्क आपण पेरणीलाच देऊन बसतो.

समजा 15 क्विंटल सोयाबीन झालं, दर 4,000 रुपये. आले 60,000. एकरी 12,000 प्रमाणे खर्च 36,000. उरले 24,000, म्हणजे महिन्याला 2,000. यात घरच्या माणसांची मजुरी धरलेलीच नाही! 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये होता. 15 क्विंटलवर फरक जवळपास 20,000 चा. पण हमीभावाने विकायचं तर नोंदणी, ओलावा तपासणी आणि थांबायची ताकद लागते.

थांबायला मदत म्हणून पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. माल गोदामात ठेवून कर्ज मिळतं. तुमच्या बाजार समितीत ती चालू आहे का, विचारून या. भाव वाढेलच याची मात्र हमी नाही, म्हणून सगळा माल अडकवू नका.

पायरी 3: रिकामे रकाने भरा.
सप्टेंबर 2025 मध्ये भूम-परंड्यात पुराने उभी पिकं गेली. ज्याचं एकच पीक, त्याचा अख्खा रकाना कोरा.

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या बायकांनी दाखवलंय. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर या भागात उभ्या राहिलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेसोबत त्यांनी 'एक एकर' शेती सुरू केली. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईच्या ताब्यात. त्यात धान्य, डाळी, भाजीपाला मिसळून, कमी पाण्यात, सेंद्रिय पद्धतीने. आधी घरात खायला, उरलं तर बाजारात. या संस्थेला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

धंद्याच्या भाषेत सांगतो: वाचलेला किराणा ही पण कमाईच. भाजी दर आठवड्याला पैसा देते. सोबत दोन उस्मानाबादी शेळ्या बांधा. पाच महिन्यांचा गाभणकाळ, बऱ्याचदा जुळी करडं. अडीनडीला शेळी विकता येते, सावकाराचं दार टळतं.

गृहपाठ: आज रात्री घरातल्या बाईमाणसासोबत बसून रकाने भरा. घरात काय संपतं हे तिलाच जास्त माहीत असतं. सगळ्यात कोरडा महिना शोधा आणि त्या एकाच महिन्यासाठी एक छोटी कमाई ठरवा. पुढच्या जूनला दुकानात उधारीची वही उघडायला लावायची नाही, एवढंच टार्गेट!