अर्ध्या रात्री हाक आली तर

दवनीवाडा हे वैनगंगेच्या खोऱ्यातले, धानाच्या मुलखातले गाव. पावसाळ्यात बांध्यांमध्ये गुडघाभर चिखल, दिवाळीच्या सुमारास सडकेवर तणीस, मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास. गाडीसोबत मिळणारे माहितीपुस्तक मुंबईत आणि इथे एकच असते. आपल्या सडकेने, हवेने आणि पिकाने त्यात जी पाने वाढवायची, ती ज्याची त्याने लिहायची असतात. माझी पाने ही अशी.

१. गाडी माझ्या नावावर असली तरी ती माझ्या एकट्याची नाही, हे मला गावाने शिकवले. कुणाच्या सुनेला रात्री कळा सुरू होतात, रोवणीच्या दिवसांत कुणाला बांधीवर साप चावतो, कुणा म्हाताऱ्याची छाती दुखायला लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात धावते आणि तिचे उपकार मोठे आहेत. पण ती दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली असली, की हाक येते ती गाडीवाल्याच्या दारात. गोंदियाचे बाई गंगाबाई महिला रुग्णालय गाठायचे असते आणि त्या वेळी गाडी किती चकचकीत आहे हे कुणी बघत नाही, ती सुरू होते की नाही एवढेच बघतात. देखभाल कशासाठी करायची, याचा माझा हिशेब तिथेच बदलला. आता टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही. रात्री गाडी सडकेकडे तोंड करून लावतो. किल्ली घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या एकाच खिळ्यावर असते आणि टॉर्च डिकीत नाही, हाताशी येईल अशी समोरच्या कप्प्यात असते.

२. फिरणाऱ्या गाडीपेक्षा उभी गाडी लवकर बिघडते, हे ऐकून मला पहिल्यांदा खरेच वाटले नव्हते. आमचे मिस्त्री म्हणाले होते, “गुरुजी, जपून नोका ठेवू जी, चालवत राहा.” कारण बॅटरी उभ्या उभ्याही हळूहळू उतरत असते, घड्याळ, अलार्म, लॉक यांना थोडी थोडी वीज लागतच असते. त्यात आपला उन्हाळा. लोकांना वाटते बॅटरी थंडीत मरते. खरे म्हणजे ती मे महिन्याच्या उष्णतेत आतून झिजते, आणि डिसेंबरच्या पहाटे इंजिन फिरवायला जास्त जोर लागला की तिचे खरे रूप उघडे पडते. गाडी बंद असताना, काही तासांच्या विश्रांतीनंतर, चांगली बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आली. इंजिन चालू असताना आकडा साधारण साडेतेरा ते साडेचौदा यायला हवा, नाहीतर दोष चार्जिंगचा. जागेवरच पाच मिनिटे इंजिन चालू ठेवून बंद करण्याने फारसे काही भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सडकेवर न्यावी. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर आला तर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून व्हॅसलिन लावावे. काढताना ऋण तार आधी, जोडताना ती शेवटी.

३. बॉनेट उघडणे हे मेकॅनिकचे काम, ही समजूत आपल्या भागात परवडत नाही. घराघरात धानाची पोती, कोंडा, तणीस. म्हणजे उंदीर आलेच. थंडीत त्यांना इंजिनाची ऊब गोड लागते. ते तारा कुरतडतात आणि तणसाच्या काड्या आणून तापणाऱ्या भागावर घरटे करतात, ते तर आगीलाच आमंत्रण. डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पाने, सगळे उपाय गावात सांगितले जातात. माझे मत असे की आठवड्याला बॉनेट उघडून बघण्याइतका भरवशाचा उपाय दुसरा नाही. उघडलेच आहे तर आणखी चार गोष्टी दिसतात. इंजिन ऑइल सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबून, काडी पुसून मग बघावे. कूलंट थंड इंजिनात दोन खुणांच्या मधे असावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, आतला उकळता द्रव अंगावर उसळतो. काच धुण्याचे पाणी भरावे. चौथी गोष्ट ब्रेक ऑइल, आणि ती मला सगळ्यांत उशिरा कळली. ते खाली गेलेले दिसले की आपण वरून ओततो आणि निश्चिंत होतो. पण ते आपोआप संपत नाही. पातळी उतरली याचा अर्थ ब्रेकचे पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. शिवाय ते हवेतला ओलावा शोषते, म्हणून गाडी कमी चालली तरी साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते.

४. धान कापणीला आले की गाडीचेही वेगळे दिवस सुरू होतात. सडकेवर पसरलेल्या तणसावरून गेलो की काड्या चाकाच्या आतल्या बाजूला, आसाभोवती गुंडाळल्या जातात. आणि तणसाच्या ढिगावर किंवा वाळल्या गवतावर गाडी उभी करणे तर फार वाईट. एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चालताना काहीशे अंशांपर्यंत तापतो, आणि गाडी थांबली म्हणून लगेच निवत नाही. मंडईच्या (दिवाळीनंतरच्या जत्रेच्या) दिवसांत पाहुण्यांच्या गाड्या खळ्यात लावल्या जातात, तेव्हा एवढे एक मी सगळ्यांना सांगत असतो: आधी खालचे तणीस बाजूला करा. याच दिवसांत मळणीची आणि राइस मिलची धूळ एअर फिल्टरमध्ये बसते. पुस्तकातल्या किलोमीटरची वाट न पाहता तो काढून बघावा. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरने सडकेवर आणलेला चिखल चाकाच्या रिममध्ये आतून वाळतो आणि स्टीअरिंग थरथरायला लागते. गाडी धुताना वरचा पत्रा सगळेच चकाकवतात. पाण्याचा जोर खाली, चाकांच्या आत आणि मडगार्डच्या पोटात मारायला हवा.

५. टायरबद्दल आपल्याकडे एक घट्ट बसलेला समज आहे: उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही. मीही तो वर्षानुवर्षे ऐकत आलो, आणि तो नेमका उलटा आहे हे कळल्यावर चकित झालो. कमी हवेचा टायर दर फेऱ्याला बाजूने दुमडतो, त्या दुमडण्यानेच तापतो आणि शेवटी फाटतो. किती हवा हवी हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेले असते. घरचे पाचजण आणि सामान असेल तेव्हाचा आकडा वेगळा असतो. मोजायची ती टायर थंड असताना, लांबून आल्या आल्या नाही. खाचांच्या मधे बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले, की खोली १.६ मिलिमीटर उरली. तिथे कायद्याचीही मर्यादा संपते आणि ओल्या सडकेवरची पकड त्याच्याही आधी सुटू लागते. आमच्याकडे गाड्या कमी चालतात, म्हणून टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या अंगावर चार आकडे शोधा. २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. खाचा शाबूत असूनही बाजूला बारीक भेगा दिसत असतील, तर त्याच्यावर भरवसा ठेवू नये. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. पुढच्या वर्षी परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणीच टायर तपासायला आणि झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. गावातल्या सडकेवर ज्या टायरने वर्षे काढली, तो तासाला १२० किलोमीटरच्या वेगात, तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास टिकेलच असे नाही. आणि स्टेपनी! चार चाकांची हवा बघणारे खूप, पाचव्याची बघणारे फार थोडे. जॅक कुठे लावायचा, पाना बसतो का, हे भर दुपारी अंगणात एकदा करून बघितलेले असले, की रात्री जंगलाच्या सडकेवर हात कापत नाहीत.

६. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी धानावरचे तुडतुडे उजेडाकडे झेपावतात आणि काचेवर, हेडलाइटवर त्यांचा चिकट थर बसतो. कोरड्या फडक्याने पुसले की काचेवर ओरखडे राहतात आणि समोरून येणारा प्रकाश त्या ओरखड्यांत फुटतो. ओले कापड आधी थोडा वेळ ठेवून मग पुसावे. वायपरचे रबर आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात कडक होते, ते मृग लागण्याआधी बदलावे. हे सगळे एवढ्याचसाठी, की आपल्या सडकेवर रात्री मागचा दिवा नसलेली धानाची ट्रॉली उभी असते, नवेगाव-नागझिऱ्याच्या बाजूला रानडुक्कर आडवे येते, आणि दिसायला एक क्षण उशीर झाला की संपले.

७. पाण्यापुढे गाडी किती हलकी असते, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी आले, वैनगंगा फुगली आणि गोंदिया-भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावेच्या गावे वेढली गेली. वाहते पाणी फूटभर असले तरी लहान गाडीला सडकेवरून सरकवू शकते, आणि गढूळ पाण्याखाली पूल शाबूत आहे की नाही ते दिसत नाही. पुलावरून पाणी जात असेल तर थांबावे. पलीकडे कितीही तातडीचे काम असो. उभी गाडी पाण्यात बुडाली असेल तर ती पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नये. पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर ते दाबले जात नाही, आणि पिस्टनचे दांडे वाकतात. ढकलत मिस्त्रीकडे न्यावी.

८. मागच्या सीटचे पट्टे सीटकव्हरखाली दडपलेले असतात. ते बाहेर काढा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीचा अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता आणि ते दोघेही गेले. पुढचे दोघे वाचले. नवरीच्या वरातीला जाताना आपल्या गाडीत मागे चौघे-पाचजण कोंबले जातात, मांडीवर मूल असते. हे बघून मला आता गाडी पुढे नेववत नाही.

९. कागदांचे थोडक्यात: विमा आणि पीयूसीच्या तारखा मोबाइलमध्ये लावून ठेवाव्यात. पंधरा वर्षे झालेल्या खाजगी गाडीच्या नोंदणीचे पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावे लागते.

१०. आवाज बदलला की गाडी काहीतरी सांगत असते, हे मी मिस्त्रींकडे बघून शिकलो. ते आधी पाना घेत नाहीत, कान लावतात. त्यांच्यासमोर बसले की आपल्याला किती कमी ऐकू येते ते कळते. पण एक गोष्ट आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक असू शकते, ती म्हणजे गाडीचा इतिहास. एका लहान वहीत तारीख, किलोमीटर, काय बदलले आणि कोणता आवाज कधीपासून येतो, एवढे लिहून ठेवावे. ती वही बघून चांगला मिस्त्री निम्मा शोध वाचवतो, आणि नको ते पार्ट बदलले जात नाहीत.

तुमच्या दारात गाडी असेल तर आपला नंबर गावातल्या आशाताईंकडे आणि पोलीस पाटलांकडे देऊन ठेवा. घरातल्या आणखी एकाला, शक्य तर घरच्या बाईला, गाडी चालवायला आणि चाक बदलायला शिकवा. आणि हे दोन्ही करण्याआधी, आजच, स्टेपनीत हवा आहे का बघा.