घरच्या टाकीतील पाणी : क्लोरीनची चाचणी व मात्रा

रायापूर हे हुबळी व धारवाड यांना जोडणाऱ्या रस्त्यावर, दोन्ही शहरांच्या दरम्यान वसलेले आहे. या जोडशहरांतील पुष्कळ भागांत नळाचे पाणी वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने येत राहिले, आणि त्यामुळे हौद, टाक्या, पिंपे व हंडे भरून ठेवणे हा तेथील घरकामाचा नित्याचा भाग झाला. पुढे काही प्रभागांत चोवीस तास पुरवठा सुरू करण्यात आला. या दोन प्रकारच्या पुरवठ्यांची तुलना बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एमिली कुम्पेल व कारा नेल्सन यांनी वर्षभर नमुने तपासून केली व निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध केले. खंडित पुरवठ्याच्या नळांवरील ३१.७ टक्के नमुन्यांत ई. कोलाय हे विष्ठेचे दूषण दर्शविणारे जंतू आढळले. अखंड पुरवठ्यात हे प्रमाण अवघे ०.७ टक्के होते. वितरण-टाक्यांतील पाणी मात्र दोन्हीकडे सारख्याच प्रतीचे होते.

त्याच पाहणीतील आणखी एक गोष्ट गृहस्थाने विशेष ध्यानात घ्यावी. घरात साठविलेले पिण्याचे पाणी दोन्ही भागांत नळाच्या पाण्यापेक्षा अधिक दूषित होते. अखंड पुरवठा मिळू लागल्यावरही बहुतेक कुटुंबांनी पाणी साठविणे सोडले नव्हते. म्हणजे नळावर पाणी चांगले असले तरी तेवढ्यावर विसंबून चालत नाही. परीक्षा ज्या भांड्यातून आपण पितो त्या भांड्यातील पाण्याची व्हावयास हवी.

पाण्यात टाकलेला क्लोरीन प्रथम गाळ, शेवाळ व सेंद्रिय द्रव्ये यांवर खर्च होतो. त्यातून उरतो तो ‘शेष क्लोरीन’, आणि पुढे जंतू शिरल्यास तोच पाण्याचे रक्षण करतो. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा किमान ०.५ मिलिग्रॅम असावा.

चाचणीसाठी ऑर्थोटोलिडीनचा संच (ओ.टी.) सर्वत्र परिचित आहे. नळीत खुणेपर्यंत पाणी घेऊन सूचनेप्रमाणे थेंब टाकले असता क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. तो रंगपट्टीशी ताडून पाहावा. हे पहिल्या दहा सेकंदांतच करावे, कारण नंतर गडद होणारा रंग बव्हंशी संयुक्त क्लोरीनचा असतो व त्याची जंतुनाशक शक्ती कमी असते. पाण्यात लोह, मँगनीज वा नायट्राइट असले तरीही पिवळेपणा येऊ शकतो. हे द्रव्य आरोग्यास अपायकारक असल्याने तपासलेले पाणी टाकीत परत ओतू नये व शाळेत मुलांच्या हाती संच देऊ नये. गुलाबी रंग देणारी डी.पी.डी. गोळी थोडी महाग पडते, पण अधिक विश्वसनीय असते. शिक्षकांनी तीच वापरावी असे आम्हास वाटते.

क्लोरीन कमी आढळल्यास मात्रा द्यावी. टाकीची लांबी, रुंदी व पाण्याची खोली मीटरमध्ये मोजून गुणाकार करावा. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर पाणी असलेल्या हौदात २,००० लिटर पाणी असते. दर १,००० लिटरला २.५ ग्रॅम या हिशेबाने त्यास ५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागेल. पावडरमध्ये २५ टक्के क्लोरीन असल्यास ही मात्रा लिटरमागे सुमारे ०.६ मिलिग्रॅम पडते. सोनाराच्या काट्यावर एकदा ५ ग्रॅम तोलून घेऊन चमच्यावर खूण करून ठेवावी. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवून दहा मिनिटे निवू द्यावी, वरचे स्वच्छ पाणी तेवढे टाकीत ओतावे, तळाचा चुना टाकून द्यावा. एक तासानंतर पुन्हा चाचणी घ्यावी. क्लोरीन तरीही न उरल्यास पावडर जुनी व निःसत्त्व झालेली असेल किंवा टाकीत गाळ असेल. अशा वेळी पावडर वाढवीत बसण्यापेक्षा टाकी घासणे बरे.

गढूळ पाण्यास प्रथम निवळू द्यावे. पाण्याचा सामू ८ च्या वर गेल्यास तोच क्लोरीन पुष्कळ कमी काम करतो. पोहण्याच्या हौदाचे रसायनही हेच आहे. परंतु माणसे उतरत असल्याने तेथे क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम व सामू ७.२ ते ७.८ ठेवतात. ते प्रमाण पिण्याच्या टाकीस लावू नये.

पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी. फरशी धुण्याच्या आम्लाशी तिचा संपर्क झाल्यास विषारी वायू निघतो. या दोन वस्तू एका कपाटात ठेवूच नयेत.

क्लोरीनची चाचणी जंतू दाखवीत नाही. त्यासाठी के. एस. मांजा व सहकाऱ्यांनी १९८२ साली मांडलेली हायड्रोजन सल्फाइडची बाटली उपयोगी आहे. क्लोरीन देण्यापूर्वी तीत पाणी भरून ठेवावे. एक-दोन दिवसांत ते काळे पडल्यास विष्ठेचे दूषण संभवते. मग ते पाणी उकळूनच प्यावे, नळजोडाची गळती शोधावी व नमुना जिल्हा प्रयोगशाळेकडे पाठवावा. पावसाळ्यात ही बाटली दर पंधरवड्यास लावावी, कारण हुबळी-धारवाडच्या खंडित पुरवठ्यात पावसाच्या दिवसांतच जंतूंचे प्रमाण वाढलेले दिसले.