रक्तातल्या चरबीच्या नावा आणि किनाऱ्यावरचे हमाल



मागे आपल्या एका सभासदाच्या पोटात अचानक भयंकर दुखायला लागलं. दुखणं पार पाठीपर्यंत गेलं. दवाखान्यात रक्त काढलं, तर नळीत वरचं पाणी दुधासारखं पांढरं. ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर आणि स्वादुपिंडाला सूज. आता ते घरी आहेत, बरे आहेत. पण बरेच जण विचारतात, "भाऊ, रक्तात दूध येतं कुठून?" म्हणून आजचा हा धडा.

तेल पाण्यात मिसळत नाही, हे आपल्याला सांगायला नको. रक्त म्हणजे बरंचसं पाणीच. म्हणून शरीर चरबी छोट्या नावांमध्ये भरून पाठवतं. जेवणातल्या चरबीच्या नावा आतड्यात भरतात, शरीराने स्वतः बनवलेल्या चरबीच्या यकृतात. या नावांना लायपोप्रोटीन म्हणतात.

नाव काठाला लागली की माल उतरवायला हमाल लागतो. शरीरात हे काम एक विकर करतं, त्याचं नाव लायपोप्रोटीन लायपेज. स्नायूंतल्या आणि चरबीच्या पेशींजवळच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला ते चिकटून बसलेलं असतं. ते ट्रायग्लिसराइड फोडतं. मग स्नायू ते जाळतात, नाहीतर शरीर साठवून ठेवतं.

पण हमाल आपोआप हात लावत नाही. नावेवर प्रथिनं बसलेली असतात, त्यांना अपोलिपोप्रोटीन म्हणतात. त्यातलं अपो सी-२ म्हणजे मुकादम. तो म्हणतो, "उतरवा!" तेव्हा काम सुरू होतं. आतड्यातून निघालेली नवी नाव हा मुकादम एचडीएल नावाच्या दुसऱ्या नावेकडून उसना घेते. काम झालं की परत देते. अपो सी-३ उलटं करतं. ते हमालाचा हात धरतं, आणि उरलेली नाव यकृताने आत ओढून घ्यावी, त्यातही आडवं येतं.

हे खरं कसं कळलं? १९७८ मध्ये कॅनडातल्या टोरांटोच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत छापली. त्याची ट्रायग्लिसराइड फार जास्त असायची. रक्त कमी झालं म्हणून त्याला दुसऱ्याचं रक्त चढवलं, तर चरबी एकदम उतरली. शोध घेतल्यावर कळलं, त्याच्यात अपो सी-२ नव्हतंच. हमाल होते, मुकादम नव्हता. चढवलेल्या रक्तातून तो मिळाला.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या आमिश लोकांची. २००८ मध्ये दिसलं, की त्यांच्यात शंभरात सुमारे पाच जणांत जन्मतःच अपो सी-३ निम्मंच बनतं. त्यांची ट्रायग्लिसराइड कमी आणि हृदयाच्या नळ्या जास्त साफ. याच वाटेने पुढे अपो सी-३ कमी करणारी औषधं निघाली. जन्मजात दोष असलेल्यांसाठी त्यातलं एक अमेरिकेत २०२४ च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालं.

आपल्या बहुतेकांत जन्माचा दोष नसतो. दारू आणि जास्त साखर यांमुळे यकृत नावा भरतच राहतं. मधुमेह आवरला नाही तर अपो सी-३ वाढतं आणि हमालही ढिले पडतात. घाटावर नावांची रांग लागते, तेच ते दूध.

म्हणून एवढं करा:
- दहा-बारा तास उपाशी राहून लिपिड तपासणी करा. ट्रायग्लिसराइड १५० च्या खाली चांगलं. ५०० च्या वर गेलं तर उशीर न करता डॉक्टरांकडे जा.
- दारू सोडा. जाळं ओढणं, चालणं चालू ठेवा, त्याने स्नायूंतलं लायपेज वाढतं.
- मासे रस्स्यात खा, तेलात बुडवून तळू नका. रोहू-कटल्यात ओमेगा-३ समुद्राच्या तेलकट माशांपेक्षा कमी असतं, म्हणून मासे खातो तर गोळी कशाला, असं म्हणू नका.
- मधुमेहाची गोळी मनाने बंद करू नका.

पोटात जोराचं दुखून पाठीत गेलं आणि उलट्या झाल्या, तर गॅस समजून घरी बसू नका. घरात रिपोर्ट असेल तर आज काढून तो एक आकडा बघा.