बागेवर कापड, गालावर ऊन

वांग एकदा गालावर बसला की सहजासहजी हटत नाही. दुसऱ्या बाळंतपणात माझ्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग उमटले, पुढे ते फिकेही झाले. मग कृषी सहायक म्हणून सांगोला तालुक्यात नेमणूक झाली. पंचनामे, पिकांची पाहणी, शेतीशाळा, सगळं स्कूटीवरून आणि बरंचसं भर दुपारी. एका उन्हाळ्यात तेच डाग आधीपेक्षा गडद होऊन परत आले. कुणी म्हणालं पोट साफ नसेल, कुणी म्हणालं अंगात उष्णता आहे. उन्हाचं नाव मात्र कुणीच घेतलं नाही.

आमच्या भागात तर ऊन काय करतं हे लहान पोरालाही ठाऊक असतं. डाळिंबाच्या फळावर थेट ऊन पडलं की त्या बाजूची साल करपून काळपट चट्टा पडतो आणि व्यापारी ते फळ बाजूला काढतो. म्हणून शेतकरी झाडांवर क्रॉप कव्हर अंथरतात, पूर्वी जुन्या साड्या बांधायचे. इतक्या जिवापाड बाग झाकणारा माणूस स्वतः मात्र उघड्या मानेनं त्याच उन्हात राबतो. आपली कातडीही सालच आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

वांगावर मला पहिलं औषध मिळालं ते डॉक्टरकडून नव्हे, तर मेडिकलच्या काउंटरवरून. चिठ्ठी न विचारता एक छोटी ट्यूब हातात पडली. थोड्याच दिवसांत गाल उजळले, बायका विचारू लागल्या, “ताई, काय लावता?” पुढे उन्हात पाऊल टाकलं की चेहऱ्याची आग होऊ लागली. गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर पुरळ आलं. ट्यूब बंद केली की चेहरा लालबुंद व्हायचा आणि डाग पहिल्यापेक्षा काळे दिसायचे.

शेवटी मी त्वचारोगतज्ज्ञाकडे गेले. त्या बाईंनी आधी ती ट्यूब मागितली आणि मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. पहिलं रंग फिका करतं, दुसरं कातडीचा वरचा थर सोलवटतं आणि तिला उन्हाला हळवी करतं, तिसरं स्टेरॉइड. हे मिश्रण डॉक्टरच्या नजरेखाली, ठरावीक मुदतीपुरतं वापरायचं औषध आहे. महिनोन्‌महिने लावलं की स्टेरॉइडनं कातडी पातळ होते आणि हायड्रोक्विनोननं काहींच्या चेहऱ्यावर निळसर काळे, कायमचे डाग पडतात. केंद्र सरकारनं 2018 मध्ये अशी 14 लावायची स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली. तरीही ट्यूब सर्रास मिळते, म्हणून डोळे आपणच उघडे ठेवायचे. नावाच्या शेवटी ‘सोन’, ‘सोलोन’ किंवा ‘सोल’ दिसलं, बीटामेथासोन, क्लोबेटासोल असं काही, तर ती ट्यूब डॉक्टरला विचारल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. बराच काळ लावत असाल तर एकदम तोडूही नका, डॉक्टरला दाखवून कमी करत आणा. ज्या डबीवर घटकांची नावंच नाहीत, ती तर हातात धरू नका. गोरं करणाऱ्या अशा क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि पाऱ्यानं मूत्रपिंडं बिघडतात.

डॉक्टर बाईंचं पुढचं बोलणं माझ्या मनात पक्कं बसलं. वांगावर कितीही चांगलं औषध घेतलं तरी ऊन आवरलं नाही तर डाग परत येतात. उन्हातले अतिनील किरण दोन प्रकारांनी त्रास देतात. यूव्हीबी कातडी भाजतात. यूव्हीए खोलवर जातात, सुरकुत्या आणि डाग आणतात आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात. शिवाय आपल्यासारख्या सावळ्या कातडीत डोळ्यांना दिसणारा उजेडसुद्धा रंग गडद करतो. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, आई-मावशीलाही वांग असणं ही पाठची कारणं. त्यांत ऊन पडलं की डाग पेटतात.

ऊन किती कडक आहे हे घामावरून ओळखू नका. थंड वाऱ्याच्या दिवशीही अतिनील किरण तेवढेच असू शकतात आणि पातळ ढगांतून ते बरेचसे खाली येतात. खरी खूण पायाशी असते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण जोरात आहेत असं समजा. मे महिन्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा तर ऊन थेट डोक्यावरच असतं. पण सोलापूर भागात ऐन डिसेंबरातही भर दुपारची सावली उंचीपेक्षा आखूडच पडते. म्हणजे काळजी फक्त उन्हाळ्यापुरती नाही. मोबाइलवर हवामानासोबत यूव्ही निर्देशांक दिसतो. तो 3 किंवा त्याहून जास्त असला की अंग झाकायचं, 8 किंवा त्यापुढे असेल तर दुपारचं काम शक्य तितकं टाळायचं.

झाकण्याचं शिक्षण मला शेतावरच्या मजूर बायकांनी दिलं. साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल, त्यावर पदर. तो जाड शर्ट माझ्या पातळ पांढऱ्या ओढणीपेक्षा कितीतरी जास्त राखण करतो. कापड उजेडासमोर धरून पाहा. आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार जाणार. घट्ट विणीचं, गडद रंगाचं, सैल कापड चांगलं. ओलं झालेलं पातळ सुती कापड कमी राखतं, म्हणून घामानं भिजलेला स्कार्फ बदलायला दुसरा जवळ ठेवा. गांधी टोपीनं किंवा क्रिकेटच्या टोपीनं कान आणि मान उघडी राहते. चारी बाजूंनी निदान 3 इंच काठ असलेली टोपी घ्या, नाहीतर मानेवर उपरणं सोडा. स्कूटी चालवणाऱ्या मुलींनी आरशात एकदा गळ्याखालचा त्रिकोण आणि हातमोजा व बाही यांच्यामधली पट्टी बघावी. सनकोट घालूनही तेवढाच भाग काळवंडलेला दिसेल.

कापड पोचत नाही तिथं सनस्क्रीन. एसपीएफ हा आकडा मुख्यतः भाजण्यापासूनच्या राखणीचा. 30 एसपीएफ सुमारे 97 टक्के यूव्हीबी अडवतं, 50 एसपीएफ सुमारे 98 टक्के. त्यामुळे 100 च्या मागे लागून पैसे घालवू नका. यूव्हीएसाठी ‘पीए’ आणि त्यापुढची अधिकची चिन्हं बघा, तीन किंवा चार असावीत. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन विचारून घ्या. दिसणारा उजेड तेच अडवतं, साधं पांढरं सनस्क्रीन नाही. माप सोपं आहे: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढून जेवढं होईल तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. निघण्याआधी 15-20 मिनिटं लावायचं, उन्हात असेपर्यंत दर दोन तासांनी पुन्हा. वाटाण्याएवढं लावलं तर डबीवरचा आकडा कागदावरच राहतो.

लिंबाचा रस चेहऱ्याला चोळून उन्हात जाऊ नका. त्यातल्या द्रव्यांवर ऊन पडलं की फोड येतात आणि मागे महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविकं, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि काही वेदनाशामकं कातडीला उन्हाला हळवी करतात. नवी गोळी सुरू झाल्यावर उन्हात आग होऊ लागली तर ती चिठ्ठी घेऊन डॉक्टरकडे परत जा.

प्रत्येक डाग वांग नसतो. नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेली लाली, सोबत सांधेदुखी, ताप किंवा तोंडात फोड असतील तर तो ल्युपस नावाचा आजार असू शकतो, त्यावर घरगुती लेप लावून वेळ दवडू नका. सावळ्या कातडीत कातडीचा कर्करोग कमी आढळतो, पण कातडीत जन्मापासूनच रंगद्रव्य नसलेल्यांना मोठा धोका असतो. अंगावर कोड असेल तर ते पांढरे चट्टेही लवकर भाजतात, ते झाकायलाच हवेत. खालच्या ओठावर, कानावर किंवा हातावर महिनाभरात न भरणारी जखम, वाढत जाणारी गाठ किंवा खडबडीत चट्टा दिसला तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

माझे डाग आज पुष्कळ फिके आहेत, पूर्ण गेलेले नाहीत. पण उन्हाची आग थांबली आणि चेहऱ्याची कातडी पुन्हा कसदार झाली. त्यात औषधाचा वाटा आहे, तसाच वेळेचाही. शेतीशाळा मी सकाळी आठला घेते, पाहणीचे दौरे अकराच्या आत किंवा चारनंतर ठेवते. ही मुभा मला आहे. रोजानं जाणाऱ्या बाईला ती नसते, शेंगा तोडायला तिला मालक सांगेल तेव्हाच उभं राहावं लागतं. म्हणून ज्यांच्या हातात दुसऱ्यांच्या कामाची वेळ आहे, त्या बागायतदारांना, ठेकेदारांना, दुपारी कवायत घेणाऱ्या शाळांना माझी कळकळीची विनंती आहे. काम सकाळी सातला सुरू करा, अकरा ते चार सावलीत विसावा द्या, उरलेलं संध्याकाळी घ्या आणि बांधावर एक शेडनेट उभारा. मजुरी तीच राहील, काम तेवढंच होईल आणि राबणाऱ्या माणसांची कातडी शाबूत राहील.