वित्तीय प्रतिमानाचे प्रशिक्षण : निवड कशी करावी?

कंपन्यांची भागविक्री, विलीनीकरण व मूल्यांकन ही गुंतवणूक बँकांची प्रमुख कामे होत. त्यांसाठी 'वित्तीय प्रतिमान' तयार करावे लागते. नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोकड प्रवाह पत्रक परस्परांशी जोडून कंपनीच्या पुढील वर्षांचा अंदाज एक्सेलच्या तक्त्यात मांडणे, हे त्याचे स्वरूप. ते शिकविणाऱ्या वर्गांचे शुल्क भरण्यासाठी अनेक कुटुंबांना कर्ज काढावे लागते. म्हणूनच निवड डोळसपणे व्हावी.

प्रतिमानाचे मर्म गृहीतकांत असते. समजा, कंपनीला पुढील वर्षी १०० लाख रुपये निव्वळ रोकड मिळेल व ती दरसाल ४ टक्क्यांनी वाढत राहील. अपेक्षित परतावा १२ टक्के धरल्यास कंपनीचे मूल्य १,२५० लाख रुपये येते. वाढ ५ टक्के धरताच ते सुमारे १,४२९ लाखांवर जाते. हा फरक कसा पडतो, हे जेथे समजावून दिले जाते तोच अभ्यासक्रम उपयुक्त. तयार तक्त्यात आकडे भरणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन विद्यार्थ्याकडून कोऱ्या तक्त्यापासून प्रतिमान करवून घेतात काय, त्यातील चुका तपासून देतात काय, शिक्षकास प्रत्यक्ष कामाचा अनुभव आहे काय, याची चौकशी प्रवेशापूर्वीच करावी. नोकरीची हमी दिली जात असल्यास तिच्या अटी लेखी मागाव्यात. 'सेबी'ने स्थापन केलेल्या राष्ट्रीय प्रतिभूति बाजार संस्थेच्या परीक्षांचीही माहिती घ्यावी. गावातील शिक्षकांनी एवढे मार्गदर्शन केले, तरी कष्टाचा पैसा वाया जाणे टळेल.