दुसऱ्या पाण्याचा चहा

चहा गाळला की चोथा उरतो. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून उकळले, तर काय होते? रंग येतो. थोडा वासही येतो. पण चव? ती पहिल्या चहातच गेली! गोष्टींचेही कधीकधी असेच होते. ते कसे, हे आपण एका सिनेमावरून पाहू.

मोगलीचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. पोर माणसाचे, पण वाढवले लांडग्यांनी. ही गोष्ट रुडयार्ड किपलिंग या इंग्रज लेखकाने लिहिली. त्याचा जन्म मुंबईचा, १८६५ सालचा. ‘जंगल बुक’ हे त्याचे पुस्तक १८९४ साली निघाले. गोष्टीतले रान मात्र आपल्या शेजारचे. नागपूरच्या उत्तरेला मध्य प्रदेशात सिवनी आहे, तिकडचे.

अमेरिकेतल्या डिस्ने कंपनीने १९६७ साली या गोष्टीचा चित्रांचा सिनेमा केला. अशा सिनेमात आवाज तेवढे माणसांचे. बाकी सारे चित्रकार काढतात. पडद्यावर दर सेकंदाला २४ चित्रे सरकतात. म्हणून वाघ चालतो, अस्वल नाचते, असे आपल्याला दिसते.

त्या सिनेमात प्रश्न एकच होता. शेरखान वाघ रानात परत आला आहे. तो पोराला मारणार. मग पोराने राहावे कुठे? बगीरा नावाचा काळा बिबट्या म्हणतो, गावात. बालू अस्वलाला वाटते, आपल्यापाशी. शेवटी पाणी भरायला आलेली एक मुलगी दिसते. पोरगा तिच्यामागून आपल्या पायांनी गावात जातो. प्रश्न सुटला. गोष्ट संपली.

पुढे ३६ वर्षांनी, २००३ साली, त्याच कंपनीने दुसरा भाग काढला. त्याची सुरुवात चांगली आहे. मोगलीला गावात घर मिळाले, माया मिळाली. पण रान आठवते. घरधनी म्हणतो, रानात जायचं नाही. दोन घरांत जीव अडकलेले पोर! हे दुःख सासरी आलेल्या लेकीला समजावून सांगायला नको. इथे सांगण्यासारखे खूप होते.

पण पुढे काय होते? तेच अस्वल. तेच गाणे, तेही पुन्हा पुन्हा. तोच अजगर, तीच गिधाडे, तोच वाघ पाठीमागे. शेवटी पोरगा परत गावातच येतो. अधूनमधून रानात जायची मोकळीक मिळते, एवढेच जास्त. गावातली ती मुलगी, शांती, रानाला भिते. तरी मोगलीसाठी रानात जाते. हे नवे आहे, आम्हांला आवडले. पण त्याला जागा थोडी मिळाली.

मग असा सिनेमा काढला कशाला? हिशेब पाहा. खर्च आला सुमारे २ कोटी डॉलर. तिकिटांचे आले १३ कोटींहून जास्त. टीकाकारांनी नावे ठेवली, तरी गल्ला भरला. पहिल्या भागावर लोकांची माया होती. त्या मायेवर दुसरा भाग विकला गेला. या कंपनीने १९९४ पासून आपल्या जुन्या सिनेमांचे असे पुष्कळ दुसरे भाग काढले.

दुसरा भाग वाईटच निघतो, असे मात्र समजू नये. ‘टॉय स्टोरी’ या खेळण्यांच्या सिनेमाचा दुसरा भाग १९९९ साली आला. तो लोकांना फार आवडला. कारण त्यात नवा प्रश्न होता. मूल मोठे झाले की त्याच्या खेळण्याने काय करावे?

बियाणे घेताना आपण नुसते पिशवीवरचे नाव पाहत नाही. आत दाणा कसा आहे, उगवेल का, हे विचारतो. गोष्टीलाही तसेच विचारावे. मुलांच्या हातात पैसे देताना तर जरूर विचारावे. आपण नावालाच पैसे देत राहिलो, तर आपल्या मुलांना दुसऱ्या पाण्याचा चहाच मिळत राहील.

विचार करा आणि सांगा :

१. पहिल्या सिनेमातला प्रश्न कोणता? दुसऱ्यात नवे काय होते?

२. दुसऱ्या सिनेमाला लोक का गेले?

३. मोगलीची पुढची गोष्ट तुम्हांला सांगायची असती, तर तुम्ही काय सांगितले असते? चार ओळी लिहा.